वैरणीतले हवामान: राज्यातील सहकारी दूध संघांना खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळे, सहकारी दूध संघ, महाराष्ट्र

वैरणीचे पोषणमूल्य म्हणजे तिच्यातले किती जनावराच्या अंगी लागेल याचा हिशोब. तो करताना आधी पाणी वजा करावे लागते. उरतो तो कोरडा अंश, आणि त्याचे दोन भाग पडतात. पेशींच्या आतला ऐवज, म्हणजे साखर, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि काही खनिजे, हा जवळजवळ पूर्ण पचतो. पेशींच्या भिंती म्हणजे तंतू. त्या किती पचतील हे त्यांत लिग्निन किती मुरले आहे यावर ठरते. अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर व्हॅन सूस्ट यांनी 1960 च्या दशकात हे दोन भाग वेगळे मोजण्याची पद्धत बसवली आणि जगभरच्या वैरण प्रयोगशाळा आजही तीच वापरतात. आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कोरड्या अंशात प्रथिने साधारण 7 टक्क्यांच्या खाली गेली, की कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांना नत्र पुरत नाही, पचन मंदावते आणि गव्हाण भरलेली असूनही जनावर कमी खाते. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने 3 ते 4 टक्के असतात.

हे सगळे आकडे वाण, जमीन, खत आणि कापणीचा दिवस यांनी बदलतात हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र या चारही गोष्टी सारख्या ठेवल्या तरी एकाच शेतातली वैरण एका वर्षी दुधाला लागते आणि दुसऱ्या वर्षी लागत नाही. हा फरक हवामानाचा असतो. दूध संघांच्या व्यवहारात त्याची नोंद कुठेच होत नाही. संकलन केंद्रावर दुधाचे फॅट आणि एसएनएफ रोज दोन वेळा मोजले जाते. ते दूध ज्या वैरणीतून आले तिचे मात्र फक्त वजन होते, आणि तेही विकत घेतलेली असेल तर. हे पत्र त्याविषयी आहे.

सर्वात आधी उष्णता. तापमान वाढले की वनस्पती घाईने वाढते, लवकर पोटरीत येते, लवकर फुलते, आणि पानांनी बनवलेली साखर साठून न राहता पेशींच्या भिंती बांधण्यात खर्च होते. रात्र गरम असेल तर उरलीसुरली साखर श्वसनात जळते. धाट लाकडासारखे होते आणि पानांचे प्रमाण घटते. नियंत्रित प्रयोगांत तापमानाच्या दर अंशामागे पचनीयता अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरताना दिसते. एका अंशाचा फरक क्षुल्लक वाटतो. पण थंडीतली आणि एप्रिलमधली सरासरी यांच्यात दहा अंशांचे अंतर सहज पडते. मका, ज्वारी, बाजरी, नेपियर ही उष्ण प्रदेशातली गवतवर्गीय पिके थंड देशांतल्या गवतांपेक्षा मुळातच कमी पचतात, त्याचेही एक मोठे कारण ती उष्णतेत वाढतात हेच आहे. न्यूझीलंडच्या कुरणावरच्या गाईचे दूध आणि सांगोल्याच्या गाईचे दूध यांची तुलना करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

लसूण घासात हा परिणाम डोळ्यांनी दिसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला घास हिवाळ्यात पानाने दाट असतो. मार्चनंतर तोच घास लवकर फुलतो आणि काडी जाड होते. घासातली दोन तृतीयांशाहून अधिक प्रथिने पानांत असतात, त्यामुळे पान घटले की 18 ते 20 टक्के प्रथिनांचा घास नावापुरताच उरतो. तरीही बहुतेक ठिकाणी घासाच्या कापण्या दिवस मोजून होतात आणि दोन कापण्यांतले अंतर बाराही महिने तेच राहते. दहा टक्के झाडे फुलली की कापायचे, हा जुना नियम अधिक शहाणपणाचा आहे. झाड आपले दिवस उष्णतेने मोजते, आणि हा नियम झाडाकडे पाहून चालतो.

थंडीमुळे उलट घडते. वाढ मंदावते, साखर साठते, तंतू कोवळे राहतात. उत्पादन कमी, पण किलोमागे पोषण जास्त. अपवाद कडाक्याच्या थंडीचा. निफाडकडे काही वर्षी पिकावरचे दव गोठते. अशा रात्रीनंतर करपलेली ज्वारी लगेच चारणे धोक्याचे असते, कारण पेशी फुटल्या की पुढे सांगितलेले विष मोकळे होते.

पाण्याच्या ताणाचे परिणाम गुंतागुंतीचे आहेत आणि तिथेच सर्वाधिक गैरसमज आहेत. दुष्काळातली वैरण निकृष्ट, असे सरसकट मानले जाते. थोडा ताण पडलेले पीक खुजे राहते, पण त्याचे पक्व होणेही लांबते. धाट बारीक, पानांचा वाटा मोठा. मुळांनी नत्र आधीच उचललेले असते आणि वाढ कमी झाल्याने ते थोड्या वजनात एकवटते. त्यामुळे अशा वैरणीची पचनीयता आणि प्रथिने भरघोस वाढलेल्या पिकापेक्षा चांगली निघू शकतात. ताण लांबला की चित्र पालटते. खालची पाने वाळून गळतात, त्यांतले नत्र आणि साखर कणसाकडे किंवा मुळांकडे जाते, आणि शेतात उरते ते काटकीसारखे धाट. ताण कोणत्या अवस्थेत पडला यालाही महत्त्व आहे. फुलोऱ्यात पाणी तुटलेल्या मक्याला कणीस भरत नाही. दाण्यात जायचा पिष्टमय पदार्थ तयारच होत नाही, आणि अशा मक्याच्या मुरघासात ऊर्जेची उणीव राहते.

रब्बी ज्वारीची कथा या बाबतीत शिकण्यासारखी आहे. मंगळवेढा आणि सोलापूरच्या खोल काळ्या जमिनीत मालदांडी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते, साठलेल्या ओलीवर वाढते आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत काढली जाते. दाणे भरताना ओल संपत आलेली असते. जे वाण अशा वेळीही पाने हिरवी राखते, त्याचा कडबा गोड आणि पचायला हलका लागतो. पान हिरवे राखण्याचा हा गुण आता जगभर ज्वारीच्या पैदाशीत वापरला जातो. पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थांनी हैदराबादच्या कडबा बाजाराचा अभ्यास केला, तेव्हा उत्तम आणि हलक्या कडब्याच्या पचनीयतेत फरक निघाला तो सुमारे 52 आणि 47 टक्के एवढाच. अवघे पाच टक्के, पण व्यापारी त्यावर लक्षणीय जास्त भाव देत होते. प्रयोगशाळा नसतानाही तबेलेवाल्याचा डोळा कडब्यातली पाने आणि रंग बरोबर जोखतो. सरकारी चारा खरेदीला हा डोळा नाही.

ताणाची दुसरी बाजू विषाची आहे. ज्वारीच्या कोवळ्या पानांत ध्युरिन नावाचे संयुग असते. पान चावले गेले, चिरडले किंवा गोठले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते, आणि कोठीपोटातले सूक्ष्मजीव त्या कामाला मदतच करतात. गावाकडे याला किराळ लागणे म्हणतात. ध्युरिन रोपात आणि कापणीनंतरच्या फुटव्यात सर्वाधिक असते, पीक मोठे होताना विरळ होत जाते. पावसाचा खंड पडला की वाढ थांबते आणि हे विरळ होणेही थांबते. खंडानंतर सरी आल्या की खोडव्याला लुसलुशीत फुटवे येतात. दोन महिने वाळली वैरण खाल्लेल्या भुकेल्या जनावराला सगळ्यात आधी तेच दिसतात. म्हणूनच किराळीच्या घटना ऐन दुष्काळापेक्षा दुष्काळ मोडताना अधिक होतात. कोरड्या अंशात किलोमागे 500 मिलिग्रॅमहून अधिक हायड्रोसायनिक आम्ल असलेली वैरण धोक्याची समजतात. जनावर मिनिटांत किंवा तासाभरात दगावू शकते. रक्त लालभडक दिसते, कारण त्यात प्राणवायू असतो पण पेशींना तो वापरता येत नाही. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटची शिरेतून दिलेली इंजेक्शने वेळेत मिळाली तर जनावर वाचते. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी न चारणे हा साधा उपाय. उन्हात नीट वाळवल्याने आणि मुरघास केल्याने हे विष बरेचसे उडून जाते.

नायट्रेटचे तसे नाही, आणि या दोन विषांची गल्लत करणे महागात पडते. मुळे जमिनीतून नायट्रेट उचलतात आणि पाने सूर्यप्रकाशातल्या ऊर्जेवर त्याचे प्रथिनांत रूपांतर करतात. ताणात हे रूपांतर अडते. पहिला मोठा पाऊस झाला की मुळे जमिनीत साचलेले नायट्रेट एकदम ओढतात, आणि पाने तेवढ्या वेगाने कामाला लागलेली नसतात. आठवडाभर ढगाळ हवा राहिली तर दुष्काळाशिवायही हेच घडते. युरियाचा भरपूर हप्ता घेतलेला श्रावणातला चारा मका हे याचे ठळक उदाहरण. कोठीपोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते. इथे रक्त चॉकलेटी तपकिरी पडते. वाळवून नायट्रेट कमी होत नाही, कडब्यातही ते तसेच राहते. मुरघासात ते साधारण निम्म्यावर येते. ते धाटाच्या बुडख्यात साठते, म्हणून संशय असेल तर पीक जमिनीपासून वीतभर उंच कापावे. पाऊस पडल्यावर आठवडाभर थांबावे, म्हणजे पानांना साठा वापरून टाकायला अवधी मिळतो.

यात मोजमापाची एक फसगतही आहे. प्रयोगशाळा वैरणीतले नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणतात आणि त्या आकड्याला प्रथिने म्हणतात. प्रथिनात न गेलेल्या नत्राचा भागही त्यात मिसळतो. ढगाळ आठवड्यात कापलेल्या मक्याचा अहवाल म्हणूनच कागदावर झकास दिसू शकतो.

ढगांचा दुसरा परिणाम कमी भयंकर, पण जास्त व्यापक. प्रकाश कमी म्हणजे साखर कमी. पावसाळ्यातल्या हिरव्या चाऱ्यात साखर कमी, पाणी जास्त आणि तंतू इतके कोवळे असतात की जनावराला फारसे चावावे लागत नाही. रवंथ घटते, लाळ कमी सुटते, कोठीपोटाची आम्लता वाढते, आणि दुधातले फॅट ज्या असेटिक आम्लापासून बनते ते कमी तयार होते. जुलै-ऑगस्टमध्ये अनेक गोठ्यांत दूध वाढते आणि फॅट उतरते, त्यामागे हेही एक कारण असते. केंद्रावर 3.5 च्या खाली आलेल्या फॅटची कपात शेतकऱ्याच्या पावतीवर होते. शेतकरी बिचारा सरकी पेंड किंवा मका भरडा वाढवतो. भरड्यातला पिष्टमय पदार्थ आम्लता आणखी वाढवतो आणि फॅट आणखी उतरते. रोज दोन-तीन किलो कडब्याची कुट्टी दिली असती तर काम स्वस्तात झाले असते. संघाचा पर्यवेक्षक हे एका वाक्यात सांगू शकतो, पण त्याच्या नोंदवहीत वैरणीचा रकानाच नाही.

साखरेचे प्रमाण दिवसभरातही हलते. पहाटे सर्वात कमी, दुपार उतरताना सर्वात जास्त. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात 1990 च्या दशकात झालेल्या प्रयोगांत एकाच शेतातले, सकाळी आणि संध्याकाळी कापलेले वाळके गवत जनावरांपुढे ठेवले, तर त्यांनी संध्याकाळचे निवडले. इकडे त्याचा उपयोग हिरव्या चाऱ्याला आणि मुरघासाला आहे. वाळवायच्या वैरणीला नाही, कारण आपल्याकडे रात्रीचे दव आणि आर्द्रता ती साखर पुन्हा घालवते.

नेपियर आणि उसाच्या वाढ्यांत ऑक्झलेट असते. ते वैरणीतले कॅल्शियम बांधून ठेवते. उष्ण, दमट दिवसांत भराभर वाढलेल्या कोवळ्या नेपियरमध्ये ते जास्त, जून आणि थंडीतल्या कापणीत कमी. वाढ्यांवर महिनोन्‌महिने काढणाऱ्या जनावरांना चुन्याची निवळी किंवा खनिज मिश्रण द्यायचे ते यासाठी.

आतापर्यंत उभ्या पिकाविषयी झाले. महाराष्ट्रात पोषणाचे मोठे नुकसान मात्र पीक आडवे झाल्यावर होते, आणि ते पाऊस करतो. कापलेली वनस्पती लगेच मरत नाही. तिच्यातले पाणी सुमारे 80 टक्क्यांवरून 40 वर येईपर्यंत पेशी श्वास घेत राहतात आणि स्वतःची साखर जाळतात. ऊन-वारा असेल तर हा काळ तासांत संपतो, ढगाळ हवेत तो दिवसांवर जातो. नुकत्याच कापलेल्या गवतावर सर आली तर फार बिघडत नाही, कारण पेशींची आवरणे शाबूत असतात. अर्धवट वाळलेल्यावर आली तर साखर, विरघळणारी प्रथिने आणि पोटॅश धुऊन जाते. तंतू जातात कुठे? ते तिथेच राहतात, म्हणून टक्केवारीत तंतू वाढलेले दिसतात. पुन्हा वाळवताना उलथापालथ करावी लागते, तेव्हा पाने झडतात. घासासारख्या पानाळ पिकात हे नुकसान पावसाच्या नुकसानीहून मोठे असू शकते.

पूर्ण न वाळलेली वैरण गंजीत गेली की आत बुरशी आणि जिवाणू वाढून ती तापायला लागते. वीस टक्क्यांहून अधिक ओल असलेल्या गंजीचा गाभा इतका तापतो की साखर आणि प्रथिने एकमेकांत गुंतून तपकिरी होतात. अशा वैरणीला तंबाखूसारखा गोडसर वास येतो आणि जनावरे ती आवडीने खातात. तिच्यातली प्रथिने मात्र पचत नाहीत. शेतकऱ्याचा आणि जनावराचा, दोघांचाही अंदाज जिथे चुकतो अशी ही दुर्मीळ जागा आहे. उष्णता त्याहून चढली तर गंजी आपोआप पेट घेते.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचे आणि ठाणे-पालघरच्या डोंगरउतारांवरचे गवत हवामानाच्या या कचाट्यात कायमचे सापडलेले आहे. पवना, शेडा, मारवेल ही गवते सप्टेंबरच्या सुमारास फुलोऱ्यात असतात. प्रथिने आणि पचनीयता तेव्हाच पाहण्याजोगी असते. पण तेव्हा पाऊस चालू असतो, कापलेले वाळत नाही. म्हणून कापणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बी गळल्यानंतर होते. तोवर प्रथिने दोन-तीन टक्क्यांवर येतात, आणि कुसळीसारख्या गवताची कुसळे तोंडात रुततात. मुंबईच्या तबेल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विकत घेतलेले वाळके गवत ते हेच. कोकणात आणि मावळात सप्टेंबरातल्या गवताचा मुरघास करणे, हा यावरचा खरा तोडगा. त्याला ऊन लागत नाही, फक्त उघडिपीचा एखादा दिवस लागतो. रानगवतात साखर कमी असल्याने शंभर किलोला दोन-तीन किलो मळी मिसळावी लागते, इतकेच. हे तंत्र दशके जुने आहे. ते डोंगराकडे का गेले नाही, हा प्रश्न संघांच्या विस्तार विभागाला विचारण्यासारखा आहे.

खरिपाच्या कडब्यावर आणि बाजरीच्या सरमाडावर परतीचा पाऊस आला की वैरण काळी पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2019 मध्ये राज्यभर हे घडले. उभ्या कणसांना कोंब आले, कापलेली धाटे शेतातच कुजली आणि भातपट्ट्यात पेंढा भिजला. काळेपणा म्हणजे बुरशी. बुरशीने आधी पचणारा भागच खाल्लेला असतो. पुढचा धोका बुरशीच्या विषांचा. उत्तर भारतात हिवाळ्यात म्हशींच्या शेपट्या, कान आणि खूर सडवणारा देगनाला हा रोग भिजून बुरशी आलेल्या भाताच्या पेंढ्याशी जोडला जातो.

दूध संघांना अधिक जवळचे आहे ते अफ्लाटॉक्सिन. दाणे भरताना कडक ऊन आणि पाण्याचा ताण पडलेल्या मक्यावर, भुईमुगावर आणि सरकीवर अ‍ॅस्परजिलस बुरशी शेतातच बसते. पुढे दमट साठवणीत ती वाढते. जनावराने खाल्लेल्या या विषाचा काही भाग एम-1 या रूपात दुधात उतरतो आणि उकळूनही जात नाही. भारतात दुधातली मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तपासलेल्या 6,432 नमुन्यांपैकी 5.7 टक्के नमुने या मर्यादेबाहेर निघाले, आणि प्राधिकरणाने बोट ठेवले ते पशुखाद्य आणि वैरणीवर. भेसळीच्या बातम्यांच्या गदारोळात हा निष्कर्ष मागे पडला.

मुरघासाला पावसाची भीती नाही, असे म्हणतात. ते अर्धसत्य आहे. कापणीच्या वेळी मक्यात कोरडा अंश 30 ते 35 टक्के असावा. सततच्या झडीत तो 20 पर्यंत उतरतो. मग खड्ड्याच्या तळाला रस साचतो, त्याबरोबर साखर जाते, सामू 4 च्या आसपास उतरत नाही आणि ब्युटिरिक आम्लाचा उग्र वास येतो. उलट, ताणाने करपलेला मका 40 टक्क्यांच्या पुढे जातो, नीट दाबला जात नाही, आत हवा राहते आणि बुरशी येते. ताणातल्या मक्याच्या खड्ड्यातून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तपकिरी पिवळसर वायू निघू शकतो. तो नायट्रेटपासून बनतो आणि माणसाची फुप्फुसे जाळतो. खड्ड्यात उतरणाऱ्याला हे सांगितलेले असले पाहिजे.

हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक युगापूर्वीच्या दहा लाखांत 280 भागांवरून 420 च्या वर गेला आहे. गहू, भात, ओट यांसारख्या पिकांत त्यामुळे प्रथिने आणि खनिजे काहीशी विरळ होतात. द्विदल पिके हवेतले नत्र बांधत असल्याने बऱ्यापैकी टिकतात. ज्वारी, मका, बाजरी आणि नेपियर यांच्यावर हा थेट परिणाम फार थोडा. महाराष्ट्राच्या वैरणीपुढची अडचण वायूपेक्षा वाढती उष्णता, पावसाचे लांबणारे खंड आणि काढणीतला अवकाळी पाऊस हीच राहणार आहे.

आता वजनाच्या हिशोबाकडे. 2019 च्या दुष्काळात चारा छावणीतल्या मोठ्या जनावराचा रतीब आधी 15 आणि नंतर 18 किलो हिरवा चारा असा ठरला. चारशे किलोच्या गाईला दिवसाला आठ ते दहा किलो कोरडा अंश लागतो. अठरा किलो चाऱ्यात 15 टक्के कोरडा अंश असेल तर तिला 2.7 किलो मिळतात, 25 टक्के असेल तर 4.5. ऊस दिला तर याहून थोडे अधिक, पण उसात साखरेखेरीज फारसे काही नाही आणि प्रथिने नगण्य. आकडा तोच, गाईच्या पोटात पडणारे मात्र सुमारे 1.7 पटीने कमी-जास्त. छावणीतून परतलेली जनावरे आटलेली आणि गाभ न राहणारी का असतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या गुणाकारात आहे. मुरघासाच्या बाजारातही तेच. गासडीचा भाव टनाने ठरतो; 35 टक्के कोरडा अंश असलेल्या टनात 350 किलो वैरण असते, 25 टक्क्यांच्या टनात 250, आणि उरलेले पाणी त्याच भावाने विकले जाते.

कोरडा अंश काढायला तराजू आणि ओव्हन पुरते. घरगुती मायक्रोवेव्हवरही ते अर्ध्या तासात होते. संघांनी स्वतःच्या मुरघास खरेदीत भाव कोरड्या अंशावर बांधला, तर पावसात भिजलेला माल वजनाने खपवण्याची सोय संपेल आणि खासगी बाजारही हळूहळू मागे येईल. सायनाइडसाठी पिक्रेटची कागदी पट्टी आहे, ती विटकरी लाल होते. नायट्रेटसाठी डायफिनाइलअमाइनचा थेंब आहे, तो निळा पडतो. या रसायनांत गंधकाम्ल आणि पिक्रिक आम्ल असल्याने ती शेतकऱ्याच्या हाती देण्याजोगी नाहीत, पण संघाच्या पशुवैद्यकाच्या पेटीत असायला हरकत नाही. जून-जुलैचा खंड मोडल्यानंतरच्या पंधरवड्यात प्रत्येक केंद्रावर त्यांची गरज पडते, एरवी क्वचितच.

पचनीयता आणि तंतूंसाठी अवरक्त किरणांवर चालणारे वर्णपटयंत्र लागते. ते दुधाच्या विश्लेषकाच्या जातीचेच आहे, एका नमुन्याला काही मिनिटे घेते आणि जिल्हा संघाच्या आवाक्याबाहेरचे नाही. खर्च यंत्रापेक्षा ते स्थानिक वाणांशी जुळवून घेण्यात आहे. मालदांडीचा कडबा, मावळातले गवत आणि कोकणातला पेंढा यांचे रासायनिक पृथक्करण केलेले नमुने त्याला आधी शिकवावे लागतात, आणि हे काम राहुरी, दापोली, परभणी आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांबरोबरच होऊ शकते. काळ्या पडलेल्या कडब्याला युरिया प्रक्रिया करून काही उपयोग नाही, हेही त्याच यंत्रावर दाखवता येईल. शंभर किलोला चार किलो युरिया मुरवून तीन आठवडे झाकणे ही प्रक्रिया स्वच्छ, पण निकस कडब्यासाठी आहे.

हवामान खात्याचा जिल्हावार कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यात द्राक्ष, कांदा, कापूस यांना ओळी असतात. वैरणीला असली तर पेरणीपुरती. ढगाळ आठवड्याचा अंदाज असेल तेव्हा युरिया दिलेला मका आठवडाभर कापू नका, तीन दिवसांची उघडीप असेल तेव्हा घास वाळवायला टाका, खंडानंतरच्या सरीनंतर ज्वारीच्या खोडव्यात जनावरे सोडू नका, एवढ्या तीन सूचना तरी त्या सल्ल्यातून घेऊन दूध पावतीच्या मागे छापता येतात. पावती रोज प्रत्येक सभासदाच्या हातात जाते आणि तिची मागची बाजू कोरी असते.

कळावे.